मुलांपासून दुरावलेल्या बापाने परत कसं यायचं: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दरवर्षी नाताळाच्या आधी मला असे दोन-तीन फोन येतात. "ब्रदर, पोरांना भेटायचंय. पाळकसाहेबांना सांगून रविवारी उपासनेनंतर गाठ घालून द्या ना." कुणी चार वर्षांनी बोलत असतो, कुणी अकरा वर्षांनी. आवाजात खरी कळकळ असते, आणि तरीही त्यातले बरेच जण पहिल्याच भेटीत सगळं बिघडवून बसतात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: पुढे दिलेल्या क्रमातल्या सहाव्या पायरीचं काम ते पहिल्या दिवशी करायला जातात. आधी मिठी, मग माफी, मग पैशांचं बोलणं. पोरांच्या आईशी बोलायचं तर राहूनच जातं.

मी ठाण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बरीच वर्षं संडे स्कूल शिकवतो. बाप नसलेली मुलं वर्गात कुठे बसतात, हे मला न विचारता कळतं. परत आलेले बापही मी पाहिले आहेत, जमलेले आणि न जमलेले. पुढचा क्रम त्यातून आला आहे. तो बदलू नका. एखादी पायरी तुम्हाला लागू नसेल तर सोडा, पण पुढची आधी घेऊ नका.

## सुरू करण्याआधी: दाखल्यातली तुमची जागा ओळखा

बायबलमधल्या लूक १५ चा उधळ्या पुत्राचा दाखला आपल्याला पाठ असतो: धाकटा मुलगा आपला वाटा दूरदेशी उधळतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर घरी परततो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. त्यामुळे परतणाऱ्या बापाला वाटतं, आपण त्यातले बाप. आपण हात पसरायचे आणि लेकराने धावत यायचं. इथेच गोंधळ सुरू होतो. दूरदेशी गेला होता तो तुम्ही. घरी राहून वाट पाहिली ती लेकराने. म्हणजे या दाखल्यात तुमची जागा धाकट्या मुलाची आहे, आणि त्याने काय केलं ते बारकाईने वाचलं तर पुढचं सगळं त्यात सापडतं. तो आधी शुद्धीवर आला. मग काय बोलायचं ते त्याने ठरवलं. आपलं पाप स्वतःच्या तोंडाने म्हणायचं ठरवलं. आणि मागायची ठरवली ती मोलकऱ्याची जागा. अंगठी, झगा, जोडा, मेजवानी यातलं काहीही त्याने मागितलं नाही.

कुटुंबप्रमुख म्हणून परत जाऊ नका. मोलकरी म्हणून जा. पुढच्या पायऱ्या म्हणजे याच एका वाक्याचा तपशील.

थांबा. हा लेख सगळ्यांसाठी नाही. मुलाला किंवा त्याच्या आईला तुम्ही मारहाण केली असेल, मुलाशी गैरवर्तन झालं असेल, किंवा भेटू नये असा न्यायालयाचा आदेश असेल, तर इथेच थांबा. तुमचा मार्ग समुपदेशक आणि न्यायालय यांच्याकडून जातो. मंडळीतल्या कुणालाही मध्ये घालून तो चुकवू नका. आणि हे वाचणारी आई असेल, आणि घरात आजही भीती असेल, तर महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा ख्रिस्ती घरालाही तसाच लागू आहे.

## पायरी १. तुमचा दुरावा कोणता ते ठरवा

दुरावा एकाच जातीचा नसतो.

काही बाप पोटासाठी दूर असतात: बोटीवर, आखातात, परराज्यातल्या साइटवर. इथे दोष कमी आणि तुटलेपणा जास्त. त्यांनी पायरी २ आणि ३ वरून भराभर पुढे जावं. त्यांचं खरं काम पायरी ७ मध्ये आहे.

काही बाप नवराबायकोचं फाटल्यामुळे गेले आणि बायकोबरोबर लेकरंही सोडून बसले. काही दारूमुळे किंवा जुगारामुळे. या दोघांनी एकही पायरी सोडू नये.

आणि चौथा प्रकार, ज्याला कुणी दुरावा म्हणतच नाही. पनवेलहून सकाळची गाडी, हार्बरवर सव्वा तास, रात्री साडेनऊला घरी, जेवताना मोबाइल, रविवारी उपासना आणि मग मंडळीची कमिटी. लेकरू त्याच घरात, बाप त्याच घरात. २ शमुवेल १४ मध्ये दावीद राजा आपल्या मुलाला, अबशालोमला, यरुशलेमेला परत आणवतो आणि दोन वर्षं त्याला स्वतःचं तोंड पाहू देत नाही. एक शहर, एक घराणं आणि दोन वर्षं. त्याचा शेवट काय झाला तो पुढच्या चार अध्यायांत आहे. तुम्ही या प्रकारातले असाल तर पत्रही तुमच्यासाठी आहे आणि ठरलेली वेळही. "मी तर घरातच आहे" म्हणून लेख बंद करू नका.

## पायरी २. ज्याने तुम्हाला दूर नेलं ते आधी थांबवा

दाखल्यातला मुलगा शुद्धीवर आला तो डुकरांमध्ये असताना. घरी पोचल्यावर शुद्धीवर येऊ, असं त्याने म्हटलं नाही.

दारू असेल तर आधी दारू. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, फोनला पैसे पडत नाहीत. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या सभांना पैसे लागत नाहीत आणि धर्म विचारला जात नाही. मनाचा तोल जात असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे. प्रार्थना करा, उपास करा, पण औषधोपचाराच्या जागी नव्हे, त्याच्याबरोबर. मी निदान सहा महिने कोरडे गेल्याशिवाय कुणाला पायरी ६ घेऊ देत नाही. हा माझा नियम आहे, शास्त्रातला नाही. पण लेकराला पुन्हा एकदा वास येणाऱ्या तोंडाचा बाप दाखवण्यापेक्षा सहा महिने उशीर परवडतो.

दुसरा संसार असेल तर तो लपवून पहिल्या मुलांकडे जाऊ नका. कळवा आणि ठाणे यांच्यात एक खाडी आहे, बातमीला तीही अडवत नाही.

तपासा: "मी बदललो आहे" असं तुमच्याशिवाय आणखी कोण म्हणतं? नोकरीवरचा माणूस, घरमालक, सभेतला सोबती. एक जरी नाव सुचलं नाही, तर अजून इथेच थांबा.

## पायरी ३. पैसे सुरू करा आणि गप्प राहा

जक्कय या जकातदाराने प्रभू येशूला घरी घेतलं तेव्हा त्याने आपल्या भावना सांगितल्या नाहीत, आकडा सांगितला: अर्धं गरिबांना, आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट. आणि १ तीमथ्य ५:८ तर सरळच आहे: घरच्यांची तरतूद न करणाऱ्याने विश्वास नाकारला आहे.

काम असं करा. दर महिन्याची एक तारीख ठरवा. मुलांच्या आईच्या खात्यावर थेट पैसे पाठवा. जमेल तेवढे, पण दर महिन्याला तेवढेच. पहिल्या महिन्यात वीस हजार आणि मग चार महिने काही नाही, यापेक्षा दर पाच तारखेला पाच हजार चांगले. सोबत मेसेज नको. "पोचले का?" हेही नको. असे निदान तीन महिने जाऊ द्या, मग पायरी ४.

पोटगीचा आदेश झाला असेल तर थकबाकी आधी. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आहे; आकडा बदलला, देणं तेच राहिलं.

इथल्या तीन चुका पुन्हा पुन्हा दिसतात. मुलाच्या हातात रोख देणं: त्यामुळे ते आईसमोर चोरासारखं उभं राहतं. महागडा मोबाइल घेऊन जाणं: फी थकलेली असताना मोबाइल म्हणजे आईचा अपमान. आणि सगळ्यांत वाईट, पैसे म्हणजे भेटीचं तिकीट समजणं. "तीन महिने पाठवतोय, आता तरी भेटवा" हे वाक्य तोंडातून निघालं की ते तीन महिने पुसले गेले. तुम्ही उपकार करत नाही, देणं फेडता आहात.

## पायरी ४. मुलांच्या आईशी बोला, मुलांच्या आधी

ही पायरी चुकवून शाळेच्या फाटकापाशी उभे राहणारे बाप मी पाहिले आहेत. मूल बापाला पाहून आनंदतं, मग घरी जाऊन आईपासून लपवतं, आणि त्या दिवसापासून खोटं बोलायला शिकतं. ते ओझं त्याच्या दप्तरात टाकू नका.

आईशी बोलायला एकच माणूस निवडा. तिचा विश्वास असलेला, तुमचा नव्हे: तिचा भाऊ, तिची मोठी बहीण, पाळकसाहेबांची पत्नी, कॅथलिक घर असेल तर पॅरिशमधल्या एखाद्या सिस्टर. पंचायत घेऊन दारात जाऊ नका. पाच वडीलधारे सोफ्यावर बसले की ती बाई "हो" म्हणते, आणि ते "हो" खरं नसतं.

निरोप एवढाच असावा: मी मुलांना भेटू इच्छितो. कुठे, कधी, किती वेळ, सोबत कोण, हे तुम्ही ठरवा. नाही म्हणालात तरी पैसे थांबणार नाहीत.

शेवटचं वाक्य विसरू नका. ते ऐकल्यावरच तिला बाकीचं ऐकू येतं.

तिला कायद्याची माहितीही तुम्हीच पोचवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. तुम्ही म्हणाल, मी माझ्याच विरुद्धचं हत्यार तिच्या हातात देऊ का? हो, द्या. जो हे देतो, त्याच्या मनात डाव नाही हे तिला कळतं.

वाद न्यायालयात गेलाच, तर ख्रिस्ती मुलांच्या ताब्याचा आणि भेटीचा विचार सहसा घटस्फोटाच्या खटल्यात किंवा १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली होतो. तिथे मोजलं जातं ते मुलाचं हित. "बाप म्हणून माझा हक्क" हे वाक्य तिथेही फार चालत नाही.

तपासा: आईने "हो" म्हटलं ते स्वतःच्या तोंडाने, कुणी समोर बसलेलं नसताना म्हटलं का? खात्री नसेल तर आणखी महिनाभर थांबा. "नाही" आलं तर थेट पायरी ९ वाचा.

## पायरी ५. गृहपाठ

मी आठवीत होतो. माझे वडील पाच वर्षांनी परत आले ते थेट रविवारी मंडळीत. उपासनेत उठून त्यांनी साक्ष दिली, देवाने आपल्याला कसं बदललं ते सांगितलं. लोकांचे डोळे भरले, "आमेन" म्हणाले. मग त्यांनी मला पुढे बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "कितवीत आहेस रे आता?" मंडळीने गीत सुरू केलं. मला त्या प्रश्नाशिवाय काही ऐकू आलं नाही. त्यांच्या साक्षीतला शब्दन् शब्द खरा होता हे मला तिशी ओलांडल्यावर कळलं, पण तेराव्या वर्षी तो एक प्रश्न पुरेसा होता.

म्हणून भेटीआधी हे माहीत करून घ्या, आणि मुलाला विचारून नव्हे. इयत्ता, शाळा, माध्यम. वर्गशिक्षिकेचं नाव. जवळच्या मित्राचं किंवा मैत्रिणीचं नाव. काय खाल्लं की त्रास होतो. चष्मा लागला का. कशाची भीती वाटते. तुमच्या पाठीमागे कुठला आजार, कुठला अपघात होऊन गेला. बाप्तिस्मा झाला असेल तर तारीख, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालं असेल तर ते कधी. घरी आता मुलाला कुठल्या नावाने हाक मारतात. तुमच्या वेळचं "बाबू" त्याला आता नको असेल.

आई सांगेल तेवढं घ्या. वहीत लिहा. ती वही पुढे लागणार आहे.

सावध: मूल मधल्या काळात आजोबांना, मामांना किंवा आईच्या दुसऱ्या पतीला "पप्पा" म्हणत असेल. ते दुरुस्त करायला जाऊ नका. योसेफाचा एकही शब्द शुभवर्तमानांत लिहिलेला नाही, पण त्याने बाळ येशूला आणि त्याच्या आईला रात्री उठून मिसरात नेलं आणि परत आणून वाढवलं. तुमच्या लेकरासाठी ते काम ज्याने केलं, त्याचे आभार माना. जमलं तर समोर जाऊन.

## पायरी ६. पत्र, आणि मग पहिली भेट

### पत्र कसं लिहायचं

सात वर्षांखालच्या मुलाला पत्र नको, त्याला भेटच कळते. त्यावरच्या प्रत्येकाला आधी पत्र. हाताने लिहिलेलं, एक पान. व्हॉट्सअॅपवर नको: निळ्या खुणा दिसल्या की मुलावर उत्तराचं दडपण येतं. पत्र आईच्या हाती द्या. तिने वाचून मग द्यायचं ठरवलं तर तो तिचा अधिकार.

दाखल्यातल्या मुलाचं वाक्य पुन्हा पाहा. "मी पाप केलं आहे." त्यात "पण" नाही. "त्या वेळी परिस्थितीच अशी होती" नाही. दुष्काळ पडला होता हे खरं असूनही तो दुष्काळाचं नाव घेत नाही. तुमचं पत्र असंच हवं. नमुना देतो, शब्द तुमचे घाला:

"प्रिय लेकी, तू दुसरीत होतीस तेव्हा मी घर सोडून गेलो. सहा वर्षं तुला भेटायला आलो नाही. तुझ्या वाढदिवसाला फोन केला नाही. तुझी फी आईने एकटीने भरली. हे सगळं माझं चुकलं. तुझं किंवा आईचं यात काही चुकलं नव्हतं. मी आता दारू पीत नाही, आठ महिने झाले. ऐरोलीला राहतो, रोज कामावर जातो. तुला भेटावंसं वाटलं तर आईला सांग. नाही वाटलं तरी मी रागावणार नाही. या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पप्पा"

लिहून झालं की ही वाक्यं शोधा आणि खोडा:

"देवाने मला क्षमा केली आहे." खरं असेल. पण लेकराच्या कानाला ते असं लागतं: आता तुझी क्षमा उरलीच कुठे, वरून मंजुरी आली. मत्तय ५ मध्ये प्रभू अर्पण वेदीपाशीच ठेवून आधी भावाकडे जायला सांगतो. क्रम तिथेही ठरलेला आहे.

"बापाचा व आईचा मान राख असं शास्त्रात लिहिलंय." दहा आज्ञांतली ही आज्ञा खरीच आहे, पण ती मुलाला सांगायची पाळी तुमची नव्हे. तुमच्यासाठी लिहिलेलं वाक्य इफिसकरांस पत्रात आहे, ६:४: मुलांना चिरडीस आणू नका. कलस्सैकरांस पत्रात त्याचं कारणही दिलं आहे: नाहीतर ती खिन्न होतात.

"तुझ्या आईने मला भेटू दिलं नाही." ते अक्षरशः खरं असलं तरी खोडा.

"मी तुला रोज आठवायचो." मूल विचारेल, मग आला का नाहीत? उत्तर तयार नसेल तर लिहू नका.

### भेट कुठे आणि कशी

मॉलमध्ये नको, तिथे पैसे बोलतात. तुमच्या घरी नको, मुलाला पळायला जागा राहत नाही. मंडळीच्या आवारात तर नकोच. चारशे डोळ्यांसमोर मुलाला कसं वागावं ते कळत नाही आणि ते लोकांना हवं तसं वागून दाखवतं. माझं झालं तसं.

चालायला मिळेल अशी जागा घ्या. समोरासमोर बसलं की चौकशी होते. बाजूबाजूने चाललं की बोलणं होतं, आणि बोलणं नाही झालं तरी चालणं होतं. ठाण्यात तलावपाळीला सकाळी जा, संध्याकाळी नको, गर्दीत हात सुटतो. उपवन तलावही चांगला. नवी मुंबईत वाशीचं सागर विहार किंवा नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईचा पाण्याभोवतीचा चालायचा रस्ता. मुलाच्या विश्वासाचं मोठं माणूस वीस पावलं मागे असावं.

पाऊण तास. त्याहून जास्त नाही, मूल रमलं असलं तरी. ठरल्या वेळी निघणारा बाप पुन्हा ठरल्या वेळी येईल असं वाटतं.

मिठी मारायला धावू नका. दाखल्यात धावला तो बाप, बरोबर. पण तो घरी राहिलेला होता. धावण्याचा मान घरी राहिलेल्याचा. लेकरू धावलं तर हात उघडा. नाही धावलं तर हात जोडून "जय ख्रिस्त" म्हणा, नावाने हाक मारा आणि चालायला लागा.

मूल गप्प राहिलं तर गप्पच चला. बरेच बाप घाबरून बडबड करतात, विनोद सांगतात, परीक्षेचं विचारतात. पाण्यात बदकं आहेत, होड्या आहेत, तेवढं पुरतं. चिडलं, तर ऐका. मधे समजावू नका. "तुम्ही का गेलात?" असं विचारलं तर एका वाक्यात खरं उत्तर द्या, वयाला झेपेल एवढं: "मी दारू पीत होतो आणि तुम्हाला सांभाळण्यापेक्षा मला ती जास्त हवी होती." हे वाक्य तोंडून काढणं किती जड आहे ते मला ठाऊक आहे. एका बापाने ते माझ्याबरोबर तलावपाळीच्या कठड्याशी अकरा वेळा म्हणून पाहिलं होतं, गळा न दाटता म्हणता येईपर्यंत. दाखल्यातल्या मुलानेही आपलं वाक्य वाटेवर घोकलंच असणार.

आश्वासन एकच द्या: पुढची तारीख. "आता सगळं ठीक होईल", "उन्हाळ्यात गोव्याला जाऊ", काही नाही.

तपासा: घरी आल्यावर वहीत लिहा. मुलाने काय सांगितलं, काय सांगितलं नाही, पुढची तारीख. पहिल्या दोन दिवसांत मुलाला फोन करू नका, आईला विचारा मूल कसं आहे.

## पायरी ७. एक वर्ष, तीच वेळ

माझं आणि वडिलांचं पुढे जमलं, पण त्या साक्षीच्या रविवारामुळे नव्हे. नववी-दहावीत दर शनिवारी संध्याकाळी ते मला शिकवणीहून घ्यायला यायचे. कोपरीच्या पुलाखालून आम्ही चालत यायचो. दोन वर्षांत त्यांनी एकदा दांडी मारली, ताप होता म्हणून, आणि त्याचाही निरोप दुपारीच आला होता.

महिन्यातून दोनदा, एक वार, एक वेळ. त्याहून जास्त सुरुवातीला कबूल करू नका. रविवार घेणार असाल तर शनिवारीच लोकलचा मेगाब्लॉक पाहून ठेवा. ट्रान्स-हार्बरची गाडी नव्हती हे कारण मुलाला पटत नाही, आणि पटूही नये. एक गाडी आधीची पकडा. येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, आणि स्वतः कळवा.

दूर नोकरी असलेल्या बापांसाठी हीच पायरी मुख्य. बोटीवर नेट कधी असतं, कधी नसतं. त्यामुळे "रोज व्हिडिओ कॉल करेन" म्हणू नका. निघण्याआधी स्वतःच्या आवाजात ध्वनिफिती करून ठेवा. मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळा अध्याय आहेत: सोळा फिती, आठवड्याला एक, चार महिने गेले. नीतिसूत्रांचे एकतीस आहेत, महिन्याच्या तारखांना जुळतात. शेवटी दोन वाक्यं त्या मुलासाठी, नाव घेऊन. झोपताना आई लावून देईल. परत आल्यावर पहिले दोन आठवडे घरातले नियम बदलू नका. तुमच्याशिवाय ते घर चालत होतं, ते कसं चालतं ते आधी पाहा.

घरात असून नसलेल्या बापाला: आठवड्यात एक संध्याकाळ, मोबाइल दुसऱ्या खोलीत, एका वेळी एकच मूल. कमिटीची बैठक त्या दिवशी ठेवली तर नाही म्हणा. मंडळीची सेवा म्हणून केलेली ती बैठक तुमच्या मुलाच्या हिशेबात गैरहजेरीच असते.

सावध: पहिलं वर्षभर शिस्त लावायची नाही. कुणीतरी तुम्हाला बायबलमधल्या एली याजकाचं उदाहरण देईल, मुलांना आवरलं नाही म्हणून त्याच्या घराण्याचं काय झालं ते. एली त्या मुलांबरोबर तिथेच राहत होता. तुम्ही नव्हता. केस, कपडे, गुण, मित्र यांवर बोलायचं काम सध्या आईचं आहे. तिने विचारलं तर तिच्या बाजूने उभे राहा.

## पायरी ८. उपासना सगळ्यात शेवटी

उत्साही बाप परत येतात आणि दुसऱ्याच आठवड्यात कौटुंबिक उपासना सुरू करतात, स्वतः पुढे बसून. त्या घरात उपासना होतच होती, हे ते विसरतात. पौल प्रेषिताने आपला तरुण सोबती तीमथ्य याचा विश्वास त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आलेला सांगितला आहे. बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता, एवढाच त्याचा उल्लेख. तुमच्या घरी लोईस आणि युनीके यांनी जी रीत चालवली तिच्यात मागे बसा. गीत ते निवडतील. वाचन मुलगी करेल. कधीतरी तुम्हाला प्रार्थना करायला सांगतील, तेव्हा छोटी करा.

प्रार्थनेतून टोमणे मारू नका. "प्रभो, या लेकराला अभ्यासाची बुद्धी दे" हे त्याला उद्देशून आहे हे त्याला कळतं. त्याऐवजी आधी विचारा, "तुझ्यासाठी काय मागू?" आणि तेवढंच मागा.

एक गोष्ट मंडळीतल्या शिक्षकांसाठी. काही मुलांच्या तोंडून प्रभूच्या प्रार्थनेतलं "हे आमच्या स्वर्गातील पित्या" निघत नाही. ओठ हलतात, आवाज नसतो. त्यांना टोकू नका. जून महिन्यात पितृदिनाची कार्डं वर्गात बनवून घेता, तेव्हा "ज्याला हवं त्याला द्या" एवढं आधीच म्हणा. आणि बाप नसलेल्या मुलाला मंडळीतला कुणी पुरुष वेळ देणार असेल तर आईच्या संमतीने, उघड्या जागी, दोन मोठी माणसं असताना. चांगल्या माणसाला हा नियम जाचत नाही.

## पायरी ९. "नाही" आलं तर

आईचं "नाही", मुलाचं "नाही", किंवा चांगलं चाललेलं असताना पंधराव्या वर्षी अचानक आलेलं "नाही". तिन्हींना एकच वागणूक: वाद नको, मध्यस्थ वाढवू नका, मंडळीत आपली बाजू सांगत फिरू नका. पैसे चालू. वाढदिवसाला एक पत्र, तेच एक पान, "उत्तर नको" या वाक्यासह. आई देत नसेल तर त्याची प्रत वहीत तारीख घालून ठेवा. पत्ता किंवा नंबर बदलला तर त्याच दिवशी कळवा, म्हणजे मुलाला कधी शोधावंसं वाटलं तर शोधत बसावं लागणार नाही.

मोठ्या मुलाचं "नाही" बहुधा जास्त टिकतं. धाकटं तुमच्याकडे येईल आणि थोरला दाराबाहेर उभा राहील, कारण तुम्ही नसताना फी, आजारपण, आईचं रडणं हे त्याने पाहिलेलं असतं. धाकट्याच्या हाती त्याला निरोप पाठवू नका. त्याला वेगळं पत्र लिहा, आणि त्यात त्याने जे सांभाळलं ते एकेक करून मांडा. लूकाच्या दाखल्यातही थोरला बाहेरच आहे, त्याचा बाप त्याला विनवतो आहे, आणि तो आत आला की नाही ते लिहिलेलं नाही.

वहीत आजची तारीख घाला. येत्या पाच तारखेला किती पाठवायचे तो आकडा खाली लिहा.